लॉग आधी वाचायचा

सकाळी ७.०५, मुलुंड

घाटकोपरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा फोन. लॅब सातला उघडते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक रांगेत असतात, त्यात मधुमेहाचे वयस्कर पेशंट जास्त. काउंटरवरची मुलगी घाईघाईने सांगते, "मॅडम, लॉगिन होतंय. जुने रिपोर्टही उघडतायत. पण नवीन पेशंट टाकला की पाचशेचा एरर येतो."

अर्धं निदान तिनेच केलं आहे. लॉगिन होतंय म्हणजे डेटाबेस जिवंत आहे. जुने रिपोर्ट उघडतायत म्हणजे सर्व्हरही उभा आहे. अडतं ते फक्त नोंदणीपाशी. "तूर्त वहीत नावं घे, मी बघते," असं सांगून मी लॅपटॉप उघडते.

लॅराव्हेलवर बांधलेल्या साईटने ५०० दाखवलं की आधी बघायची जागा म्हणजे स्टोरेज फोल्डरमधला लॉग. आजच्या तारखेच्या फाइलमध्ये एकच ओळ आहे: पेशंटना आठवणीचे एसएमएस गेले. वेळ रात्री एकची, कारण हे ॲप यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेसहा. एररचा मात्र मागमूस नाही. पाचशे येतंय आणि लॉग गप्प आहे, यावरूनच पुढची दिशा कळते. ॲपला लॉग लिहिताच येत नसेल, तर स्वतःची तक्रार तरी ते कुठे लिहिणार? म्हणून एनजिनएक्सचा एरर लॉग उघडला. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: लॉगची फाइल उघडता आली नाही, परवानगी नाकारली.

मग फाइलींची यादी मालकांच्या नावासकट घेतली. कालपर्यंतच्या सगळ्या फाइली 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च्या, म्हणजे वेब सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो त्याच्या. आजची फाइल रूटची.

असं का झालं ते सविस्तर सांगते, कारण हा प्रकार पुष्कळ ठिकाणी घडतो आणि पुष्कळ जण त्यात दिवस घालवतात. लॉग 'डेली' प्रकारचा असला की दर दिवशी नवी फाइल तयार होते, आणि दिवस बदलतो तो ॲपच्या घड्याळाने. लॅराव्हेलचं घड्याळ मुळात यूटीसीवर असतं, म्हणजे मुंबईत पहाटे साडेपाचला तारीख बदलते. त्यानंतर जो पहिला लॉगमध्ये लिहील, तो त्या दिवसाच्या फाइलीचा मालक. आजवर तो पहिला वेब सर्व्हरच असायचा. काल संध्याकाळपासून 'उपाशीपोटी या' असा एसएमएस पाठवणारं नवं काम सुरू झालं. ते क्रॉन चालवतो, आणि या सर्व्हरवरचा क्रॉन कुणीतरी फार पूर्वी रूटच्या खात्यात टाकून ठेवला होता. साडेसहाला रूटने फाइल तयार केली, आणि सातला वेब सर्व्हर तिथे लिहायला गेला तेव्हा त्याला मज्जाव झाला. जी पानं लॉगमध्ये काही लिहीत नाहीत ती बिनबोभाट चालू राहिली. नोंदणी प्रत्येक पेशंटमागे एक ओळ लिहिते, म्हणून तीच अडली.

फाइलीचा मालक बदलला आणि क्रॉनची ओळ रूटमधून काढून वेब सर्व्हरच्या युजरच्या क्रॉनमध्ये नेली. अशा वेळी सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन मोकळं होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सर्व्हरवरच्या कुणालाही काहीही लिहायची मुभा देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि रक्ताचे रिपोर्ट ठेवलेल्या मशीनवर तर तसं करणं मला अक्षम्य वाटतं.

लॅबमधून निरोप येतो: रांग सरकली.

८.४०, मुलुंड ते चकाला

स्लो लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. ८ जून २०१४ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व उपनगरांत राहून अंधेरीत नोकरी करणाऱ्यांचं आयुष्यच बदललं. त्याआधी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बसमध्ये किती वेळ जाईल याचा भरवसा नसायचा. आमचं ऑफिस चकाल्याला. १९७३ मध्ये सीप्झ आलं, शेजारी एमआयडीसी होतीच, आणि आता मरोळपासून चकाल्यापर्यंत इमारतींच्या मजल्यामजल्यावर आमच्यासारखी छोटी सॉफ्टवेअरची दुकानं आहेत. मोठ्या बँकांची कामं मोठ्या कंपन्यांकडे जातात. आमच्याकडे येतात लॅब, क्लासेस, सोसायट्या, गोदामं, लग्नाचे हॉल. यांतलं बरंचसं काम पीएचपीत होतं. स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवरही पीएचपी चालते, आणि रॅस्मस लर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती लोकांसमोर ठेवली तेव्हापासून छोट्या गिऱ्हाइकाला परवडणारी भाषा अशीच तिची ओळख आहे. टेलर ऑटवेल यांनी जून २०११ मध्ये लॅराव्हेल आणलं आणि लॉगिन, फॉर्मची तपासणी, डेटाबेस, रांगेतली कामं हे सगळं एका शिस्तीत बसवलं.

त्या शिस्तीचा फायदा मला रोज होतो. पण लॅराव्हेलसारखी चौकट (फ्रेमवर्क) जितकं काम स्वतःकडे घेते, तितकं ते आपल्या नजरेआड होतं. बिघाड झाला की तो बहुधा या नजरेआडच्या भागात असतो: चौकट आणि सर्व्हर, चौकट आणि घड्याळ, चौकट आणि आपली लिपी यांच्या सांध्यांवर. नव्या मुलांना शिकवायचं झालं तर मी आधी हे सांधे दाखवते.

१०.००, ऑफिस

आमच्यातला सर्वांत धाकटा बदलापूरहून येतो. तो माझी वाटच पाहत असतो. "ताई, माझ्या मशीनवर चालतंय. टेस्ट सर्व्हरवर टाकलं की 'क्लास सापडला नाही' म्हणतं."

त्याचं मशीन विंडोजचं, सर्व्हर लिनक्सचा. विंडोजला फाइलीच्या नावातलं लहान आणि मोठं रोमन अक्षर एकच वाटतं, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. क्लासच्या नावात मोठा 'बी' आहे, फाइलीच्या नावात छोटा. कंपोझर क्लासच्या नावावरून फाइलीचा पत्ता बांधतो, म्हणून दोन्ही तंतोतंत जुळावी लागतात. विंडोजवर गिटलाही असा बदल सहसा कळत नाही, म्हणून नाव बदलताना 'गिट एमव्ही' वापरायचं. काम पाच मिनिटांचं. 'माझ्याकडे चालतंय' असं कुणी म्हणालं की माझा प्रश्न ठरलेला: दोन्हीकडे वेगळं काय आहे? पीएचपीची आवृत्ती, एक्स्टेन्शन, फाइलींची नावं, डॉट ईएनव्ही, वेळ. या क्रमाने गेलं की बहुतेक गोष्टी सापडतात.

१०.३०

आता दिवसातलं मोठं काम. बोरिवलीच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सभासदांची यादी सिस्टीममध्ये घ्यायची आहे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा चालू आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, आणि नोटीस सभेच्या १४ पूर्ण दिवस आधी जायला हवी. सगळ्या सोसायट्यांची धावपळ एकाच महिन्यात असते.

यादी एक्सेलमध्ये आहे, आणि तिच्यात दोन काळ एकत्र नांदतायत. जुन्या सभासदांची नावं श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रात घरोघरी होतं, छापखान्यात तर होतंच. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की अर्थ गेला. डेटाबेसमध्ये टाकली तर 'कुलकर्णी'च्या जागी अगम्य चिन्हांची माळ उमटते. ती नावं आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतली आणि प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासलं. नाव चुकीचं छापलेली नोटीस माणसाला लागते, म्हणून हे काम मी मशीनवर सोडत नाही.

नंतरची नावं युनिकोडमधली. एक्सेलमधून ती सीएसव्ही करताना साधा पर्याय निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, म्हणून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायला सांगितलं होतं. तसंच सोसायटीवाल्यांनी केलं. फाइल उघडून बघितली, मराठी व्यवस्थित. इम्पोर्ट चालवला आणि पहिल्याच ओळीवर एरर: 'नाव' ही कळ (की) सापडत नाही.

धाकट्याने लॉगमध्ये सगळ्या कळा छापून घेतल्या. नाव, सदनिका, विंग, मोबाइल. पहिलीच कळ 'नाव'. तो माझ्याकडे बघतो. "ताई, समोर तर दिसतेय."

दिसतंय त्यावर विसंबायचं नाही, मोजायचं. मी त्याला पहिल्या कळेची लांबी बाइटमध्ये काढायला सांगते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. न, काना आणि व असे तीन घटक, म्हणजे नऊ बाइट यायला हवेत. उत्तर येतं बारा.

ते जास्तीचे तीन बाइट म्हणजे 'बॉम'. एक्सेल यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला ही खूण ठेवतो, फाइल कुठल्या पद्धतीने लिहिली आहे ते पुढच्या प्रोग्रामला कळावं म्हणून. ती पडद्यावर दिसत नाही. पीएचपीचं साधं सीएसव्ही वाचणारं फंक्शन ती काढत नाही, त्यामुळे ती पहिल्या मथळ्याला चिकटते आणि दिसायला 'नाव' असलेली कळ प्रत्यक्षात वेगळीच होते. दुसऱ्या, तिसऱ्या रकान्याला काहीच होत नाही, म्हणून संशयही येत नाही. पहिला मथळा वाचताना सुरुवातीचे तीन बाइट तपासून काढून टाकायचे, बस्स. यादी पुढे सरकली.

आणि पुन्हा अडली. आता फॉर्मची तपासणी म्हणते, नावात अयोग्य अक्षरं आहेत. नियम आमच्याआधी ज्यांनी काम केलं त्यांनी लिहिलेला. नावात फक्त अक्षर किंवा मोकळी जागा चालेल, कुठल्याही लिपीतली, असा त्याचा हेतू चांगला होता. पण युनिकोडच्या हिशेबात 'अक्षर' हा एक वर्ग आणि 'चिन्ह' हा दुसरा. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हं. 'मुलुंड' या शब्दात सहा युनिकोड घटक आहेत, त्यांतली म, ल, ड ही तीन अक्षरं, दोन उकार आणि अनुस्वार ही तीन चिन्हं. फक्त अक्षरांना परवानगी देणारा नियम आपल्या लिपीतलं जवळजवळ प्रत्येक नाव परत पाठवतो. 'कमल' चालतं, 'विमल' चालत नाही. लॅराव्हेलचा स्वतःचा 'अल्फा' नियम दोन्ही वर्ग धरतो, पण त्याला मोकळी जागा चालत नाही, म्हणून लोक स्वतःचा नियम लिहायला जातात. चिन्हांचा वर्ग नियमात घातला. शिवाय एक अदृश्य जोडचिन्ह घालावं लागलं, कारण 'गोऱ्हे', 'वऱ्हाडे' अशी नावं काही कळफलकांवर र, हलन्त आणि ते जोडचिन्ह अशी टाइप होतात, तर काहींवर स्वतंत्र ऱ वापरून. दिसायला सारखी, साठवायला वेगळी. शोध घेताना एक सापडतं, दुसरं सापडत नाही. म्हणून साठवण्यापूर्वीच सगळी एका रूपात आणून ठेवली.

हे मी फार वेळ घेऊन केलं, आणि पुन्हाही घेईन. माणसाला आपलं नाव आपल्या लिपीत लिहिता येऊ नये, अशी सिस्टीम मुंबईत बसून आपणच बांधावी, हे मला सहन होत नाही.

१२.२०

त्याच बोरिवलीच्या सोसायटीच्या सचिवांचा फोन. निवृत्त आहेत, सोसायटीचं काम मनापासून करतात. "अहो, बिलात दुरुस्ती करून सेव्ह दाबलं की '४१९, पेज एक्स्पायर्ड' येतंय. तीनदा झालं."

४१९चं नेहमीचं कारण म्हणजे पान फार वेळ उघडं राहणं. लॅराव्हेल प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन घालतं आणि ते सेशनमधल्या टोकनशी जुळवून बघतं. सेशनची मुदत मुळात १२० मिनिटं. पान उघडून माणूस बाजारात जाऊन आला की मुदत संपलेली. पण काका म्हणतात, पाच मिनिटांपूर्वीच उघडलं होतं.

"काका, ब्राउझरमध्ये आपली साईट अजून कुठे उघडी आहे का?"

"हो, शेजारच्या टॅबमध्ये. खजिनदार गावाला गेलेत, त्यांच्या नावाने पण मलाच बघावं लागतंय."

इथे उलगडा झाला. एका ब्राउझरला कुकी एकच. दुसऱ्या टॅबमध्ये त्यांनी लॉगआउट करून खजिनदार म्हणून लॉगिन केलं, तेव्हा जुनं सेशन गेलं आणि टोकन बदललं. पहिल्या टॅबमधला फॉर्म जुनं टोकन घेऊन बसलेला. त्याला अडवलं हे योग्यच झालं, नाहीतर सचिवांनी केलेली दुरुस्ती खजिनदारांच्या नावावर पडली असती आणि सभेत त्यावरून वाद झाला असता. काकांना सांगितलं, खजिनदारांचं लॉगिन वापरू नका, तुम्हालाच तात्पुरते जास्तीचे अधिकार देते. ते लगेच पटलं त्यांना.

याच दुखण्यावर, त्या फॉर्मचा पत्ता टोकनच्या तपासणीतून वगळून टाका, असा उपाय सुचवणारे भेटतात. त्याने ४१९ जातं आणि दुसऱ्या कुठल्या साईटवरून सोसायटीच्या बिलात परस्पर बदल घडवून आणायला रस्ता मोकळा होतो. मी तो उपाय आमच्या कोडमध्ये दिसला की काढायला लावते. आमच्याकडून एक सुधारणा मात्र व्हायला हवी होती, ती लिहून ठेवली: मुदत संपली तर भरलेला मजकूर जाऊ न देता पुन्हा लॉगिनकडे न्यायचं आणि कारण मराठीत सांगायचं.

१.३०

डबे उघडतात. आज गप्पा एका इंटरव्ह्यूवरून निघतात. कालच्या उमेदवाराने आपली साईट दाखवली, आणि चुकीचा पत्ता टाकताच पानभर एरर, कोडच्या ओळींसकट. लाइव्ह साईटवर डीबग चालू. हे किरकोळ वाटतं, पण २०२१ साली लॅराव्हेलसोबत येणाऱ्या 'इग्निशन' या एरर दाखवणाऱ्या पॅकेजात छिद्र असल्याचं जाहीर झालं होतं. डीबग चालू असलेल्या साईटवर बाहेरचा माणूस लॉगिनशिवाय स्वतःचा कोड चालवू शकत होता. २.५.२ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. ज्यांनी लाइव्हवर डीबग बंद ठेवलं होतं, ते त्यातून वाचले. सर्व्हरचं मूळ फोल्डर 'पब्लिक'ऐवजी प्रोजेक्टवरच लावण्याची चूक याच पंक्तीतली. मग डॉट ईएनव्हीमधला डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये वाचता येतो. उमेदवार हुशार आहे, त्याला बोलवायचं ठरलं.

२.३०

मेंटेनन्सच्या पावत्या. सोसायटीला त्या मराठीत हव्यात, पीडीएफमध्ये. आधीच्या व्यवस्थेत डॉमपीडीएफ वापरलंय. पहिल्यांदा सगळीकडे प्रश्नचिन्हं आली, कारण त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट घातल्यावर अक्षरं आली, पण मोडलेली. 'शिल्लक'मधली वेलांटी श च्या उजवीकडे पडली, 'क्रमांक'मधला हलन्त उघडा पडून क आणि र सुटे झाले, 'प्रति' तर ओळखू येईना.

कारण समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये 'शि' साठवताना आधी श, मग वेलांटी. कागदावर वेलांटी आधी यायला हवी. क आणि र यांचं जोडाक्षर करायचं, वेलांटी डावीकडे न्यायची, रफार वर चढवायचा, हे काम फॉन्टमधले ओपनटाइपचे नियम वाचून करावं लागतं. ब्राउझर ते करतो. डॉमपीडीएफ करत नाही, तो साठवलेल्या क्रमाने अक्षरं मांडत जातो. इंग्रजीला त्याने काही बिघडत नाही. आपल्या लिपीचा त्यात चुराडा होतो.

फॉन्ट बदलून बघणं हा इथला नेहमीचा आडरस्ता. कितीही फॉन्ट बदलले तरी फरक पडत नाही. पर्याय दोन: पडद्याविना चालणाऱ्या क्रोमकडून पीडीएफ करून घ्यायचा, किंवा एमपीडीएफ वापरायचं. गिऱ्हाइकाचा सर्व्हर लहान, त्यावर क्रोम जड जाईल. एमपीडीएफला भारतीय लिप्यांची जुळणी येते, फक्त फॉन्टची नोंद करताना 'यूज ओटीएल' ही सोय चालू करावी लागते. फॉन्ट घेतला 'मुक्त', आपल्या मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला आणि सर्वांसाठी खुला. पावती छापली. 'शिल्लक' शिल्लकच दिसली. ऑफिसमध्ये अमराठी मुलंही आहेत, तीसुद्धा कागद हातात घेऊन बघून गेली.

४.१५

चहा आला. त्याच सोसायटीचं थकबाकीचं पान उघडायला फार वेळ लागतोय. डीबगबार लावून डेटाबेसला किती प्रश्न गेले ते बघितलं. सदनिका दोनशे, प्रश्न दोनशे एक. एकदा सदनिकांची यादी आणली, मग प्रत्येक सदनिकेसाठी सभासद आणायला वेगळी फेरी. वाण्याकडे दोनशे जिनसांची यादी न देता एकेक जिन्नस आणायला दोनशे वेळा जिना उतरावा, तसं. 'विथ' वापरून सभासद आधीच मागवले की दोनच प्रश्न. २०२१ पासून लॅराव्हेलमध्ये अशा आळशी फेऱ्या दिसल्या की थेट एरर देणारी सोय आहे. ती आम्ही टेस्टवर चालू ठेवतो, लाइव्हवर नाही.

५.४५

डिप्लॉय. दिवसाच्या अगदी शेवटी मी लाइव्हला हात लावत नाही, पण यादी आज हवी आहे. सगळं चढलं, पावत्या निघाल्या, एसएमएस मात्र जाईनात. धाकटा सांगतो, "ताई, डॉट ईएनव्हीमध्ये की आहे. मी स्वतः बघितली. तरी कोडमध्ये नल येतंय."

डिप्लॉय करताना कॉन्फिगची कॅश बनवली जाते. एकदा ती बनली की लॅराव्हेल डॉट ईएनव्ही फाइल वाचतच नाही. कॉन्फिगच्या फाइलींमध्ये जे वाचून ठेवलं तेवढंच शिल्लक. त्याने कंट्रोलरमध्ये थेट 'ईएनव्ही' फंक्शन लिहिलं होतं. त्याच्या मशीनवर कॅश नाही, म्हणून तिथे चाललं. ती ओळ कॉन्फिगच्या फाइलमध्ये नेली आणि कोडमधून 'कॉन्फिग'ला विचारलं.

तरीही जाईना. त्याचा चेहरा उतरला. मी विचारलं, एसएमएस पाठवतं कोण? रांगेतलं काम. ते चालवणारा वर्कर कधी सुरू झालाय? परवा. वर्कर सुरू होताना सगळं ॲप एकदाच मेमरीत घेतो आणि तेच घेऊन चालत राहतो, खालचा कोड बदलला तरी त्याला पत्ता नसतो. 'क्यू रीस्टार्ट'ची कमांड दिली की हातातलं काम पुरं करून तो थांबतो आणि सुपरवायझर हा प्रोग्राम त्याला नव्या कोडसकट पुन्हा उभा करतो. अडकलेले एसएमएस एकामागून एक गेले. ती कमांड डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये त्यानेच लिहिली, आणि ती तिथे का आहे हेही वर दोन ओळींत मराठीत लिहिलं. मला ते फार आवडलं.

७.५०, घाटकोपर ते मुलुंड

मेट्रोतून उतरून स्लो लोकल पकडते. आमच्या इमारतीतली एक मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅराव्हेल शिकतेय. तिने एररचा स्क्रीनशॉट पाठवलाय, निम्माच. "ताई, मायग्रेशन होत नाहीये." पूर्ण मजकूर मागवला. शेवटी दीडशे हा आकडा होता: परकी की बनवता येत नाही.

तिच्या पुस्तकातलं उदाहरण जुनं आहे. २०१९ मध्ये आलेल्या ५.८ पासून लॅराव्हेल मूळ आयडी 'बिग इंटिजर' बनवतं. तिने जोडणारा कॉलम साधा 'इंटिजर' ठेवलाय. मायएसक्यूएलला दोन्ही बाजूंचा प्रकार एकसारखा लागतो. तिला 'फॉरेन आयडी' वापरायला सांगितलं.

कांजूरमार्ग येतं तेव्हा तिचा मेसेज: "आता म्हणतंय टेबल आधीच आहे."

असणारच. लॅराव्हेल आधी टेबल बनवतं, मग वेगळ्या आज्ञेने परकी की जोडतं. पहिली आज्ञा पार पडली, दुसरी पडली नाही, आणि मायएसक्यूएल असं झालेलं टेबल मागे घेत नाही. टेबल आहे, पण मायग्रेशनची नोंद नाही. सरावाचाच डेटाबेस आहे, तर 'मायग्रेट फ्रेश' चालव, असं लिहिलं, आणि लाइव्हवर ही कमांड कधीही द्यायची नाही हेही लगेच लिहिलं, कारण ती सगळी टेबलं पाडते.

भांडुपला तिचं उत्तर: "झालं! पण सीडर चालवला तर परत परकी की अडतेय. बिलं आधी भरतेय मी, सभासद नंतर."

उलट कर, मी लिहिते. सभासद आधी, बिलं नंतर. आणि या वेळी मजकूर पूर्ण पाठव.